गेम थिजतो म्हणून लगेच कार्ड बदलू नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. आंबेगाव बुद्रुकला मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतोस. मशीन रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, ६ जीबीचं जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११. विंडोज आणि व्हॅलोरंट हा गेम एसएसडीवर, काउंटर-स्ट्राइक २ हा दुसरा गेम जुन्या १ टीबीच्या हार्डडिस्कवर. एफपीएस, म्हणजे सेकंदाला येणाऱ्या फ्रेम (चित्रं), १८० ते २०० दाखवतो, तरी दिवसातून तीन-चार वेळा सगळं एक-दोन सेकंद थिजतं, आवाज घरघरतो आणि मग काही झालंच नाही असं सुरू होतं. त्याशिवाय मॅचच्या सुरुवातीला बारीक झटके बसतात. दोनदा फॉरमॅट मारलंस, एका व्हिडिओत सांगितलं म्हणून रोज शेडर कॅश (ती काय ते पुढे सांगतो) साफ करतोस, आणि आता दुकानदार म्हणतो कार्ड गेलंय, नवीन घे.

थांब. घरून पैसे मागायच्या आधी हे पूर्ण वाच.

गेली अठरा वर्षं मी पुण्यात कॉम्प्युटर जोडतो आणि दुरुस्त करतो. तापकीर गल्लीपासून जवळच माझं टेबल आहे आणि ‘गेम अडकतो’ म्हणून आलेलं एक तरी कॅबिनेट त्यावर कायम उघडं असतं. त्यातल्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये एखादा नवा कोरा पार्ट आधीच बसवलेला असतो. कुणी एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदललेला, कुणी रॅम वाढवलेली, आणि त्रास तसाच. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ते पैसे बहुतेक वेळा आईवडिलांनी दिलेले असतात.

तुझ्या लिहिण्यात दोन गोष्टी आहेत ज्यावरून मी कार्डावरचा संशय जवळपास काढून टाकला. थिजताना आवाज घरघरतो, ही पहिली. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंयस की परवा यूट्यूब बघतानाही तसंच झालं, ही दुसरी. कार्ड दमतं तेव्हा चित्र अडकतं, पण आवाज चालू राहतो. समोरच्याची पावलं तुला ऐकू येत राहतात. चित्र, आवाज आणि माउस तिन्ही एकदम थांबतात तेव्हा सबंध मशीनच कशाची तरी वाट बघत उभं असतं. आणि यूट्यूबला तुझं कार्ड धापा टाकेल असं काही काम नसतं. थिजताना गेमबरोबर आणखी काय काय थांबलं, हे मी गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी विचारतो. अर्धं निदान तिथेच होतं.

आता तो एफपीएसचा आकडा. ती सरासरी आहे. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलीसेकंद, १४४ म्हणजे ६.९. समज, एका सेकंदात १८० फ्रेम आल्या; त्यातल्या १७९ पहिल्या ८५० मिलीसेकंदांत भराभर आल्या आणि शेवटची एक १५० मिलीसेकंद लटकली. कोपऱ्यातला आकडा १८०च दाखवणार, आणि त्या लटकलेल्या फ्रेममध्ये तू मेलेला असणार. सिंहगड रस्त्याने स्वारगेटला येताना बसचा सरासरी वेग कळला म्हणून दांडेकर पुलाच्या सिग्नलला किती वेळ उभे होतो ते कळत नाही, तसंच हे. म्हणून एफपीएस सोड आणि फ्रेम टाइमचा आलेख बघ. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये व्हिडिओखाली स्टॅट्स आहे, तिथे टोटल, सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयू (कार्ड) अशा तिन्ही फ्रेम टाइमचे आलेख चालू कर. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये गेमच्या सेटिंगमध्ये टेलिमेट्री म्हणून भाग आहे, तिथे फ्रेम टाइम मिळेल. रेघ सपाट हवी. सुळका आला की कोणत्या आलेखात आला, किती उंच, किती वेळाने पुन्हा आला, हे वहीत लिही. घड्याळातली वेळ लिहायला विसरू नकोस, ती पुढे लागणार आहे.

तुझ्या मशीनला मला एक नाही, तीन वेगवेगळे त्रास दिसतात. तू ते एकच धरून चाललायस, म्हणून एकही उपाय लागू पडलेला दिसत नाही.

पहिला आणि मोठा त्रास, एक-दोन सेकंदांचं ते संपूर्ण थिजणं. रायझनवर विंडोज ११, दिवसातून मोजक्या वेळा, कधी होईल सांगता येत नाही, आवाजासकट: हे वर्णन वाचून माझं लक्ष थेट एफटीपीएमकडे, म्हणजे फर्मवेअरमधल्या टीपीएमकडे जातं. टीपीएम म्हणजे मशीनच्या गुप्त किल्ल्या ठेवायची तिजोरी. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटची व्हॅनगार्ड (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) हीसुद्धा टीपीएम आणि सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय) मागते. रायझनमध्ये ही तिजोरी वेगळ्या चिपमध्ये नसून प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये असते, पण तिचा माल साठतो बोर्डावरच्या बायोसच्या (मशीन चालू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) चिपमध्ये. ती चिप रॅमच्या मानाने फारच मंद. एफटीपीएमचा त्या चिपशी चाललेला व्यवहार कधीतरी लांबतो आणि तो संपेपर्यंत बाकी सगळं ताटकळतं. हे माझं अनुमान नाही. एएमडीने मार्च २०२२ मध्ये हा दोष स्वतः जाहीर केला, विंडोज १० आणि ११ दोन्हींवर होतो असं सांगितलं, आणि दुरुस्ती एजीसा (बायोसमधला एएमडीने दिलेला भाग) १.२.०.७ मध्ये दिली. ती असलेले बायोस मे २०२२ पासून यायला लागले.

आता बघ, तुझे दोन्ही फॉरमॅट का वाया गेले. फॉरमॅटने डिस्क पुसली जाते. हा दोष राहतो बोर्डावरच्या चिपमध्ये, तिथे फॉरमॅटचा हात पोचतच नाही. कार्ड बदललं असतंस तरी तेच झालं असतं.

स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन शोधून उघड आणि बायोस व्हर्जन-डेटची ओळ वाच. तारीख २०२२ च्या मे महिन्याच्या आधीची असेल तर बायोस अपडेट हाच उपाय. एफटीपीएम बंद करून बघायचा मोह होईल, पण मग विंडोज ११ वर व्हॅलोरंट सुरूच होणार नाही. तारीख नवी असेल तर हा संशय बराच कमी होतो आणि मग खाली डिस्कबद्दल लिहिलंय ते आधी बघ.

बायोस अपडेट करताना घाई अजिबात नको. मी इतक्या वेळा केलंय तरी दरवेळी बोर्डावर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजन टॉर्च लावून वाचतो. एकाच नावाच्या बोर्डाची दोन रिव्हिजन असतात आणि त्यांचे बायोस वेगळे असतात. फाइल बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घे. तिथली टीप वाच, कारण काही बोर्डांना आधी मधलं एक व्हर्जन टाकून मगच पुढे जावं लागतं. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर आणि बायोसच्या आतल्याच सोयीने अपडेट मार, विंडोजमधून नको. मशीन इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर ठेव. गुरुवार टाळ, आपल्याकडे दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवायचा वार बहुधा तोच असतो. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड माझ्याकडे आणावा लागेल आणि चिप प्रोग्रॅमरवर चढवावी लागेल.

त्याआधी एक काम. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कच्या डेटाला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का बघ. असेल तर ते आधी सस्पेंड कर आणि रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिही. अपडेटनंतर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीनवर इंग्रजीत एक सूचना येऊ शकते: एफटीपीएमची रचना बदलली आहे, वाय दाबलं तर रीसेट, एन दाबलं तर आहे तसं. की हाताशी नसताना वाय दाबलं तर डेटा कुलूपबंद होऊ शकतो. अशी दोन मशीन मी बघितली आहेत. त्यातल्या एकात मुलीचा बीईच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. की मिळाली म्हणून वाचला, पण ते दोन दिवस तिने कसे काढले ते मी बघितलंय.

अपडेटनंतर बायोस आपली सगळी सेटिंग विसरतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. रॅम ३२०० ची असली तरी ती २१३३ किंवा २४०० वर धावायला लागते आणि मग ‘अपडेटने गेम आणखी स्लो झाला’ अशी तक्रार येते. आत जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं सेटिंग) चालू कर, एफटीपीएम आणि सिक्युअर बूट चालू आहेत याची खात्री कर. उघडलंच आहेस तर स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये आहेत तेही बघ. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्यात हव्यात. लागून लावल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि रायझनला ते फार जाणवतं.

दुसरा त्रास बारीक झटक्यांचा, आणि तो तू रोज स्वतःच्या हाताने तयार करतोयस. शेडर म्हणजे धूर, आग, भिंतीवरचा उजेड कसा रंगवायचा याच्या सूचना. प्रत्येक कार्डाची भाषा वेगळी, म्हणून त्या सूचनांचं शेवटचं भाषांतर तुझ्याच मशीनवर, तुझ्याच प्रोसेसरला करावं लागतं. एकदा केलं की ते कॅशमध्ये ठेवलं जातं. पहिल्यांदा मोलोटोव्ह फुटतो, पहिल्यांदा एखादा एजंट आपली ताकद वापरतो, तेव्हा भाषांतर तयार नसेल तर ती फ्रेम तिथेच उभी राहते. दुसऱ्यांदा तोच प्रसंग आला की झटका नाही. तू रोज कॅश पुसतोस, म्हणजे रोज प्रोसेसरला पहिलीपासून धडा गिरवायला लावतोस.

कॅश पुसायची वेळ क्वचित येते: ड्रायव्हर बदलल्यावर चित्र विचित्र दिसत असेल किंवा गेम उघडताच बंद पडत असेल तेव्हा. एरवी तिला हात लावू नकोस. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅश साइज १० जीबी कर. ड्रायव्हर नवा टाकल्यावर किंवा गेमचं मोठं अपडेट आल्यावर, जसं २०२५ मध्ये व्हॅलोरंट अनरियल इंजिन ५ वर गेलं तेव्हा झालं, पहिल्या दोन-तीन मॅच झटके बसणारच. त्या डेथमॅचमध्ये खेळून घे, रँक्डला लगेच बसू नकोस.

तिसरा त्रास हार्डडिस्कचा. तू लिहिलं नाहीस, पण क्लिप रेकॉर्डिंग चालू ठेवत असशील आणि ते डी ड्राइव्हला, म्हणजे या हार्डडिस्कवर, जात असेल असा माझा अंदाज आहे. विंडोजच्या बॅलन्स्ड प्लॅनमध्ये वीस मिनिटं कुणी विचारलं नाही की हार्डडिस्क झोपते. मग कुणीतरी तिला हाक मारतं, आणि ती उठून पूर्ण वेग धरेपर्यंत हाक मारणारा थांबून राहतो. याची परीक्षा कानाने होते. पंखे कमी असताना कॅबिनेटला कान लाव. थिजायच्या क्षणी टिक् आणि मग चढत जाणारा घूं असा आवाज आला तर तीच डिस्क. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये हार्डडिस्क बंद करायची वेळ शून्य कर, म्हणजे ती झोपणार नाही. आणि काउंटर-स्ट्राइक एसएसडीवर हलव. हार्डडिस्कची सुई सेकंदाला शंभरेक ठिकाणीच पोचू शकते, आणि गेमला लागतात विखुरलेल्या हजारो बारीक फाइली.

डिस्कचं आरोग्यही बघ, क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट आहे. ०५ (बाद होऊन बदललेले सेक्टर) आणि सी५ या ओळींमध्ये शून्य हवं. सी५ म्हणजे वाचताना अडलेले सेक्टर. डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि तू थिजलेल्या स्क्रीनकडे बघत बसतोस. तिथे काही आकडा दिसला तर खेळणं बाजूला ठेव आणि फोटो, प्रोजेक्ट आधी दुसरीकडे उतरव. सी७ (केबलमधून जाताना बिघडलेला डेटा) ची गोष्ट मात्र वेगळी. मागच्या उन्हाळ्यात नऱ्ह्याहून एक मशीन आलं होतं. दुकानदाराने एसएसडी बाद ठरवली होती. मी सी७ ची ओळ उघडी ठेवली, गेम चालू केला आणि साटा केबल पिनेजवळ बोटाने किंचित हलवली. गेम थिजला. रिफ्रेश केलं, आकडा वाढला होता. परत हलवली, परत वाढला. केबल बाजूच्या पॅनलने दाबली जाऊन पिनेपाशी मुडपली होती. शे-दीडशेची केबल बदलली आणि मशीन परत गेलं, एसएसडी तीच. सी७ चा आकडा केबल बदलल्यावर शून्य होत नाही, तो कायम राहतो. वाढायचा थांबला की काम झालं.

आता वहीतल्या त्या वेळा काढ. इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, आणि थिजलेल्या मिनिटाच्या ओळी वाच. प्रत्येक ओळीला इव्हेंट आयडीचा आकडा असतो: १२९ म्हणजे डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तिला रीसेट केलं. १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करावं लागलं. ७ म्हणजे खराब ब्लॉक. व्हिया-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) दिसलं तर प्रोसेसर, रॅम किंवा स्लॉटकडे बघायचं. ४१०१ म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हरने दम तोडला आणि विंडोजने तो परत उभा केला; कार्ड दोन सेकंद गप्प राहिलं की विंडोज हे करतं. काहीच ओळ नसेल आणि बायोस जुना असेल तर एफटीपीएमचा संशय आणखी पक्का, कारण तो मागे खूण ठेवत नाही. बाकी लाल-पिवळ्या ओळी प्रत्येक मशीनमध्ये असतात, त्यांनी घाबरू नकोस. फक्त वेळ जुळते का बघ.

नेटचं थोडक्यात सांगतो. थिजताना माउस फिरवल्यावर तुझी नजर गुळगुळीत फिरते पण समोरचे उड्या मारतात, किंवा तू पुढे जाऊन मागे खेचला जातोस, तर मशीन ठीक आहे आणि वायफाय किंवा लाइन बघायची. दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. पुण्यातल्या बऱ्या फायबरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलीसेकंद) दहा-वीसच्या घरात राहतो. तुमच्या फ्लॅटमध्ये चौघांचं एकच राउटर असेल तर लॅनची वायर टाक. पण तुझा मुख्य त्रास हा नाही.

उष्णतेचा प्रश्न मला तुझ्याबाबतीत दिसत नाही, पण तुझ्या शेजारच्या खोलीतल्या मित्राचा लॅपटॉप ‘दुपारी अडकतो, रात्री चालतो’ असं तू लिहिलंयस, ते मात्र अगदी तेच आहे. एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीजवळ जाते, आणि पलंगावर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी गादीने बंद होते. एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून खेळायला सांग. प्रोसेसर ९५-१०० अंशांना टेकला आणि त्याच क्षणी वेग निम्म्यावर आला तर खात्री झाली. असे लॅपटॉप उघडले की पंख्यातून आलेली धूळ आतल्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पात्यांवर चक्क पापडासारखी सोलून निघते. तो पापड ब्लोअरने जात नाही, पंखा खोलून काढावा लागतो आणि नवी पेस्ट लावावी लागते. दुसरी एक तपासणी फुकट आहे: वेग थेट ८०० मेगाहर्ट्झच्या खाली पडून तिथेच चिकटला तर ॲडॉप्टर बघायचा. कमी वॅटचा किंवा लॅपटॉपला ओळख न पटणारा ॲडॉप्टर लावला की काही लॅपटॉप असे स्वतःला आवळून घेतात.

तुझ्या ६ जीबी कार्डाला हे दोन्ही गेम जड नाहीत. ४ जीबीवाल्यांनी मात्र टेक्स्चर हायवर ठेवू नये. कार्डाची मेमरी भरली की माल साध्या रॅममध्ये उतरतो आणि प्रत्येक वळणावर तिथून ओढत आणावा लागतो. सरासरी एफपीएस फारसा पडत नाही, पण कोपरा वळला की हिसका बसतो.

इंटरनेटवरचे दोन सल्ले मात्र कृपा करून पाळू नकोस. पेजफाइल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) बंद करू नकोस. मेमरीची मर्यादा गाठली की गेम सरळ बंद पडतो. आणि ‘एफपीएस बूस्टर’ नावाची कुठलीही गोष्ट टाकू नकोस. माउस ८००० हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या वेळा आपली जागा कळवणारा) असेल तर १००० वर आण, त्याने प्रोसेसरवरचा भार खरोखर कमी होतो. एफपीएसला मर्यादा घाल; मॉनिटर १४४ चा असेल तर १४० वर. प्रोसेसरला थोडा श्वास मिळाला की रेघ सपाट होते.

हे सगळं एकाच संध्याकाळी करू नकोस. आज फक्त कॅश पुसणं थांबव आणि डिस्कची झोप बंद कर. दोन दिवस खेळ, वहीत लिही. मग बायोस, आणि पुन्हा चार-पाच दिवस. एका त्रासासाठी एका वेळी एकच गोष्ट बदललीस तर कशाने फरक पडला ते तुलाही कळेल आणि मलाही.

एवढं करून थिजणं तसंच राहिलं, ४१०१ च्या ओळी तुझ्या वेळांशी जुळल्या, किंवा स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकटी यायला लागल्या, तर कार्डावरचा आरोप खरा धरू. तरीही विकत घेण्याआधी मित्राचं कार्ड दोन दिवसांसाठी तुझ्या मशीनमध्ये लाव आणि तुझं त्याच्यात. त्रास कार्डाबरोबर त्याच्याकडे गेला तरच पैसे खर्च कर.